हिरव्या लुगड्यातली बाई

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

ट्रॉय, मिशिगन
९ जून १९८७

ती. अक्कास,
वसुधाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून पंधरवडा झाला. मोहनभाऊजींच्या गुडघ्याला तिळाचं तेल लावून शेक देतेस ना? इकडं हे बरे आहेत. सुमेधा सोळाची झाली. तिनं ड्रायव्हिंगचं लायसन काढलंय. मी शेजारी बसून रामरक्षा पुटपुटत असते, तर म्हणते, मॉम, रिलॅक्स.

आता मूळ गोष्ट. ती लिहायची टाळत आधी गुडघा आणि लायसन लिहिलं, हे तू ओळखलंच असशील.

यानिनाबाईंबद्दल मी तुला पूर्वी लिहीत असे. हॅमट्रॅमकला आम्ही आठ वर्षं ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो त्या पोलिश बाई. पहिल्या दिवशी मी भांड्यांचं खोकं घेऊन जिना चढत होते, तर खालून आवाज आला, काय गं बाई, केळी कशी दिली? माझ्या हातातनं खोकंच पडलं. मग कळलं, लढाईच्या वेळी आपल्या वळिवड्याला पोलिश लोकांची छावणी होती ना, त्यात त्या चार वर्षं होत्या. पोलंडातून रशियनांनी आईला आणि त्यांना उचलून सैबेरियात नेलं, तिथून इराण, तिथून कराची, तिथून वळिवडं. तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. तट्ट्यांच्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढायला तिथंच लागल्या म्हणे. पुढं लंडनला कलाशाळेत शिकल्या आणि मग इकडं आल्या. पोट भरायला वीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात रंग ठरवायच्या खात्यात नोकरी. रविवारी इथल्या पोलिश चर्चांतल्या भिंतींवर संत आणि देवदूत रंगवायच्या. बाकी सगळं खाली तळघरात. बर्फातले तांडे, रेल्वेचे डबे, वळिवड्याची बाभळ. लोकांना देवदूत हवे असत, ही चित्रं कुणी मागत नसे. पाच-सहा वर्षांमागं पोलंडात लष्कराचा अंमल आला तेव्हा रात्रंदिवस बसून मोर्च्याचे फलक रंगवले. तेव्हा कुठं त्यांच्याच लोकांना कळलं की आपल्यात एवढी मोठी चित्रकार आहे.

आम्ही ट्रॉयला घर घेतलं त्या दिवशी त्यांनी मला एक चित्र दिलं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, पुढ्यात समई. रंगानं गोरी आणि डोळे घारे, पण पोलिश बाईनं काढलेली अंबाबाई घाऱ्याच डोळ्यांची असायची, असं मी धरून चालले. तळघरात ओल येते, तू हिला तुझ्या देवांजवळ ठेव, एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दोन वर्षं मी तिची पूजा केली, अक्का. दर शुक्रवारी कपाळाला कुंकू लावायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, अगदी पुढ्यात निरांजन. तिसऱ्या हिवाळ्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत रंगाला चीर गेली. तेव्हाच यांच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. यांच्या खात्यातले सहा जण गेले. खंडित प्रतिमा घरात ठेवू नये हे आपल्याला लहानपणापासून माहीत. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. पंच्याऐंशीच्या अनंतचतुर्दशीला गणपतीबरोबर मी तिचंही सेंट क्लेअर तळ्यात विसर्जन केलं. यांची नोकरी राहिली. मी समजले, देवीनं ऐकलं.

परवा यानिनाबाईंचा फोन आला. ऑक्टोबरअखेर हॅमट्रॅमकच्या पोलिश हॉलमध्ये त्यांच्या चाळीस वर्षांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. काचबिंदूनं डोळे चाललेत, हिवाळ्यात ऑपरेशन, डॉक्टर खात्री देत नाहीत. म्हणून हे शेवटचं. आणि दारात शिरताच पहिलं चित्र लावायचं ते तुझ्याकडचं, म्हणाल्या. ते न्यायला मी कधी येऊ?

माझ्या तोंडून निघून गेलं, ते मी कोल्हापूरला अक्काकडं पाठवलंय.

मग त्यांनी विचारलं, कोल्हापूरला? पुन्हा विचारलं, खरंच कोल्हापूरला? आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला.

त्यांचं पत्र आलं तर चित्र इथं आहे, सुखरूप आहे, एवढं लिही. मी आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही. यांना आणि सुमेधाला यातलं काही सांगितलेलं नाही. सगळ्यांना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
वसुधा

---

॥ श्री ॥

कोल्हापूर
१० जुलै १९८७

चि. सौ. वसुधेस,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं आणि तुझ्या यानिनाबाईंचं पत्र एकाच टपालात आलं. पोस्टमन म्हणाला, आज अमेरिकेनं तुमच्या घरावर मोर्चाच काढलाय. तुझं आधी वाचलं म्हणून बरं, नाहीतर मी सगळ्यांदेखत विचारलं असतं की कसलं चित्र.

खोटं बोलायला निघालीस ते निदान नीट बोलायचं. लहानपणी लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हाही मांजराचं नाव सांगितलंस, आणि आपल्या घरात मांजर नव्हतं.

त्यांचं पत्र इंग्रजीत आहे. सूनबाईनं, लतानं, मला वाचून दाखवलं. पुढचं मी तसंच्या तसं लिहिते. तू बसून वाच, उभ्यानं वाचू नकोस.

त्या लिहितात की चित्र कोल्हापुरात आहे हे ऐकून मी दोन दिवस झोपले नाही. आता ते परत पाठवू नका, प्रदर्शनात नसलं तरी चालेल. ते चित्र माझ्या आईचं आहे. ते वळिवड्यात मी तिला समोर बसवून काढलं, माझं पहिलं रंगाचं चित्र. वडिलांना सैबेरियाच्या आधीच पकडून नेलं होतं, त्यांची काही बातमी नव्हती. आई पांढऱ्या कपड्यांतच वावरायची. भाजी घेऊन येणाऱ्या गावच्या बाईला ते बघवेना. चैत्रात हळदीकुंकवाला तिनं आईला आपलं हिरवं लुगडं नेसवलं आणि कुंकू लावलं. बातमी आली नाही तोवर तू सवाष्णच, असं ती खुणांनी सांगत होती. आई हसली. पोलंड सुटल्यानंतर तेवढं एकदाच. पुढल्या पावसाळ्यात ती तापानं गेली. कोल्हापुरातच पुरली. आमच्या सगळ्या वस्तू वाटेत गेल्या, आईचा फोटो एकही राहिला नाही. हे चित्र तेवढं आहे.

आणि शेवटी विनंती केलीय की एक दिवस ते चित्र आईच्या कबरीपाशी न्या, थोडा वेळ ठेवा, आणि एक फोटो काढून पाठवा. चित्रातली आई आणि मातीतली आई, त्या दोघी मला एकदा एकत्र दिसतील. डोळे आहेत तोवर.

वसुधे, आता काय लिहू मी त्यांना? आहे म्हणू? सुखरूप म्हणू?

उलट टपाली कळव. तुझ्या भाऊजींचा गुडघा बरा आहे. त्याची चौकशी करून विषय टाळू नकोस.

आशीर्वाद, आणि त्याबरोबर एक धपाटा.

तुझी अक्का

---

ट्रॉय
२५ जुलै १९८७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू बसून वाच म्हणालीस. मी बसूनच वाचलं, आणि मग परत पहिल्यापासून वाचलं.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. चित्राची चौकट मी बुडवली नाही. शिसवी लाकडाची, सुरेख, टाकवेना. कापड तेवढं सोडवून घेतलं, आणि चौकटीत सुमेधाचा शाळेचा फोटो घातला. दोन वर्षं तो हॉलमध्ये आहे. तुझं पत्र वाचून मी चौकट भिंतीवरनं काढली, खिळे उपटले. मागच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलंय, मामा, वळिवडे, एकोणीसशे पंचेचाळीस. मामा म्हणजे त्यांच्यात आई. फळी तेव्हाही तिथंच होती. मी फोटो बसवला तेव्हा ती माझ्या हातात होती. अक्षरं दिसली होती, कुणा सुताराचं नाव असेल म्हणून मी ती वाचली नाहीत.

मी आयुष्यात कुणाची चिमूटभर साखर ठेवून घेतली नाही. रोजच्या वहीत दिवसभराचं सगळं लिहिते, देवापुढं ती ठेवते आणि मगच झोपते. पंच्याऐंशीच्या वहीत त्या दिवशी लिहिलंय, गणपती व देवी विसर्जन, हवा चांगली. अक्का, हवा चांगली लिहिलंय गं.

आणि चीर माझ्यामुळंच गेली. ओलं फडकं, निरांजनाची धग. त्यांच्या तळघरातली ओल परवडली असती.

सुमेधानं मला जमिनीवर चौकट घेऊन बसलेली पाहिलं. तिला सांगावंच लागलं. ती लगेच म्हणाली, आई, यू हॅव टु टेल हर. या मुलांना सगळं असं सरळ दिसतं. ती बाई चित्र कोल्हापुरात आहे या समजुतीनं आनंदात आहे, आणि मी जाऊन तिच्या आईला पुन्हा मारू?

मी असं सुचवते. तू फक्त कबरीचा फोटो काढ. लिही की चित्र नेलं होतं पण पाऊस आला म्हणून बाहेर काढता आलं नाही. कोल्हापुरात पाऊस असतोच. त्यांना समाधान होईल, आणि ऑपरेशन झालं की मी सांगेन. नक्की सांगेन. दुसरं काही सुचत नाही.

तुझ्याशिवाय मला कुणाला लिहिता येत नाही, हे ध्यानात ठेवून उत्तर दे.

वसुधा

---

॥ श्री ॥

कोल्हापूर
१७ ऑगस्ट १९८७

चि. सौ. वसुधेस,
अ. आ. वि. वि.

मी जाऊन आले. लता आणि मी, रिक्षा करून. ख्रिस्ती दफनभूमीत एका अंगाला पोलिश लोकांच्या कबरी आहेत. गवत गुडघाभर. तिथल्या म्हाताऱ्या राखणदारणीला आडनाव दाखवलं, तर ती म्हणाली, फार दिवसांनी कुणीतरी आलं, कोण लागते तुमची? मी म्हणाले, बहिणीच्या घरी होती.

लतानं गवत उपटलं, मी दगड धुतला. नाव झिजलंय पण लागतं. शेवंतीची वेणी ठेवली. त्यांच्यात काय वाहतात माहीत नाही. मग कुंकवाची डबी काढली आणि परत पिशवीत ठेवली. त्या भाजीवालीला जो अधिकार होता तो आपल्याला कुठला?

तिथं बसल्यावर एक जुनी गोष्ट आठवली. तू पाच-सहा वर्षांची होतीस. उन्हाळ्यात दोन पोलिश मुली सायकली घेऊन आपल्या दारात आल्या, घामानं लाल झालेल्या. पाणी मागितलं. आईनं मला तांब्या दिला आणि सांगितलं, वरनं ओत, त्यांच्या हाताला लागू देऊ नकोस. मी वरनं ओतलं. एकीच्या फ्रॉकवर सगळं सांडलं. ती हसली, मला वाईट वाटू नये म्हणून हसली. त्या गेल्यावर तांब्या राखेनं घासला. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली, मी हे कुणाला बोलले नव्हते. तेव्हा तू एकटीच या बाईची अपराधी आहेस असं समजू नकोस.

पण तुझ्या पावसात मी येणार नाही. त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं.

फोटो सोबत आहे. तो मी यानिनाबाईंना पाठवलेला नाही, तुला पाठवलाय. त्यांना फक्त एवढं लिहिलं की आपल्या आईच्या दर्शनाला जाऊन आले, बाकीचं वसुधा समक्ष सांगेल. आता फोटो तुझ्या हातात आहे. तो टपालात टाकायचा नाही. स्वतः जाऊन द्यायचा, आणि दिल्यावर तिथून पळायचं नाही.

तू हट्टी आहेस, भित्री आहेस, पण लबाड नाहीस. लबाड असतीस तर चौकट उघडून बघितली नसतीस.

इथं सर्व क्षेम. तुझ्या पाठीशी आहे, पण तुझ्या पुढं चालणार नाही.

तुझी अक्का

---

ट्रॉय
३० सप्टेंबर १९८७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

फोटो आला तो आठ दिवस मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता. शेवटी यांना सांगितलं. हे रागावले नाहीत, उठून गाडीची किल्ली घेतली. वाटेत म्हणाले, नोकरी माझी वाचावी म्हणून बुडवलंस, मग मीही आत येतो. मी नको म्हटलं. हे बाहेर गाडीत बसून राहिले.

यानिनाबाई स्वयंपाकघरात पिएरोगी करत होत्या. म्हणजे आपल्या करंज्याच, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या. पूर्वी आम्ही दोघी एकाच टेबलावर करायचो, माझ्या कडेची मुरड बघून त्या जळायच्या. आता त्यांना कड दिसत नाही, बोटांनी चाचपून दुमडतात. मला बघून म्हणाल्या, आलीस, बस, लाट. मी लाटणं घेतलं आणि लाटता लाटता सगळं बोलले. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, त्यात रडणं. पण काही गाळलं नाही. ओलं फडकं, निरांजन, चीर, सहा जणांची नोकरी, तळं, तुझ्या नावावर केलेलं खोटं. फोटो आणि चौकट टेबलावर ठेवली.

त्यांनी हातातली करंजी पुरी केली. मग आणखी एक केली. मग विचारलं, पाण्यात गेल्याबरोबर बुडाली का?

मी खरं सांगितलं. नाही, आधी तरंगली. तोंड वर होतं. कडा भिजत गेल्या, लुगडं गेलं, हात गेले. चेहरा सगळ्यात शेवटी गेला.

त्यांनी विचारलं, तू काय म्हणालीस तेव्हा? मी म्हटलं, पुनरागमनाय च, म्हणजे परत यायला जा. फुलं कुठली होती? झेंडूची, पिवळी. बरोबर कोण होतं? आम्ही तिघं. यावर त्या म्हणाल्या, आईला पुरलं तेव्हा मी तापात होते, मला नेलं नव्हतं. कुणी काय म्हटलं, फुलं होती का, हे मला माहीतच नाही.

मला वाटलं आता त्या माझा हात धरतील. नाही धरला. म्हणाल्या, ते चित्र तुला का दिलं ठाऊक आहे? माझे डोळे जाणार हे डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं. मला दिसेनासं झालं तरी रोज कुणीतरी तिच्याकडं बघावं. तू रोज दिवा लावतेस हे मी आठ वर्षं जिन्याखालून पाहिलं होतं. म्हणून तुला.

अक्का, यापेक्षा त्यांनी लाटणं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, आता जा. मी उठले. फोटोवर त्यांनी तळवा झाकून ठेवला होता, अजून बघितला नव्हता.

दहा दिवस फोन नाही. अकराव्या दिवशी आला. फक्त म्हणाल्या, मंगळवारी ये, हिरवं लुगडं घेऊन ये. माझ्याकडं लुगडं कुठलं? लग्नातलं हिरवं नऊवारी ट्रंकेत होतं, तेच काढलं. आता दर मंगळवारी मी त्यांच्या तळघरात समईपुढं बसते. हे सोडतात, सुमेधा न्यायला येते. त्या कापडाला नाक लावून रंगवतात. लुगड्याचे काठ मला न विचारता रंगवले, ते त्यांना पाठ आहेत. बांगड्या किती तेही पाठ. चेहऱ्याशी आलं की सुरीनं खरडतात. तीनदा खरडला. काल म्हणाल्या, सगळं आठवतं, एवढंच आठवत नाही.

मी हलत नाही. पाठ भरून येते, पण हलत नाही. एवढंच करता येतं.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. तू पुढं चालली नाहीस तेच बरं केलंस.

वसुधा

---

कोल्हापूर
१५ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. वसुधेस, अ. आ.

चार ओळींचं पत्र, लता शाळेत शिकवायला जाता जाता पेटीत टाकणार आहे. धपाटा परत घेतला. दर महिन्याला मी कबरीवर जाऊन येते, राखणदारणीशी आता ओळख झाली. तिला सांगितलं की हिची लेक चित्रकार आहे. ती म्हणाली, मग आईचं चित्र काढलं असेल की. मी होय म्हटलं. प्रदर्शनाचं सविस्तर लिही, कंजूषपणा करून एअरोग्रॅमवर बारीक अक्षरात नको, माझेही डोळे साठीकडं निघालेत.

अक्का

---

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

ट्रॉय
९ नोव्हेंबर १९८७

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिहितेय बघ.

प्रदर्शन झालं. पोलिश हॉल एवढा भरला की कोट ठेवायला जागा नव्हती. एकेचाळीस चित्रं. तट्ट्यावरच्या कोळशाच्या चित्रांपासून आरंभ, म्हणजे ती आठवणीनं पुन्हा काढलेली. मग बर्फ, आगगाड्या, लंडनचे धुरकट रस्ते. मोटारींच्या रंगांच्या पट्ट्या चिकटवून एक भलं मोठं शेत केलंय, वीस वर्षांच्या नोकरीचं. चर्चमधल्या देवदूतांचे कच्चे आराखडे होते, त्यांतल्या एका देवदूताला नथ आहे. पाद्रीबाबांनी तेव्हा ती पुसायला लावली होती म्हणे, तर यानिनाबाई म्हणतात, भिंतीवरची पुसली, कागदावरची नाही. सगळे हसले. म्हातारे लोक चित्रांपुढं उभे राहून रडत होते. ज्यांना देवदूत हवे असत तेच हे.

दारात शिरताच पहिलं, त्या शिसवी चौकटीत, हिरव्या लुगड्यातली बाई. लुगडं माझ्या लग्नातलं, हात माझे, उजव्या मनगटावर भाजल्याचा डागसुद्धा माझा. पण चेहरा नाही. तिनं मान खाली घातलीय, समईची वात सारतेय. दिसतो तो फक्त भांग आणि कुंकवाची वरची कड. शेवटच्या मंगळवारी त्यांनी मला मान खाली घालायला सांगितली तेव्हा मला वाटलं, आज लवकर सोडणार.

खाली पाटी होती. सुमेधानं मला मराठीत करून सांगितली. आई, वळिवडे. दुसरे चित्र. पहिले चित्र १९४५ साली काढले, सप्टेंबर १९८५ मध्ये सेंट क्लेअर तळ्यात फुलांसह विसर्जित केले. माझं नाव नाही, कुणाचा दोष नाही. हॉलमध्ये येणारा जाणारा ती वाचत होता. एक बाई मला म्हणाली, किती सुंदर कल्पना, चित्राला अंत्यविधी. मी तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? तेही अजून ठरत नाही.

परवा चित्रं उतरवली. मी मदतीला गेले होते. यानिनाबाईंनी ते चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मी मागं सरले. म्हटलं, नको, मला नका देऊ, मी त्या लायकीची नाही. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातांवर दाबून धरलं. म्हणाल्या, ऑपरेशन झाल्यावर दिसेल न दिसेल. रोज बघणारी दुसरी कुणी मला माहीत नाही. दिवा लाव, पण हातभर लांब. आणि ओलं फडकं लावलंस तर बघ.

क्षमा केली असं म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. क्षमा झाली असती तर मला बहुतेक झोप लागली असती. त्यांनी त्याऐवजी तिला परत माझ्याच घरी पाठवलं.

आता ती देवघराशेजारच्या भिंतीवर आहे, देवांत नाही. मी चौकटीला सुद्धा हात लावत नाही, सुमेधा कोरड्या पिसांनी धूळ झटकते. संध्याकाळी हातभर लांब निरांजन ठेवते आणि समोर बसून बघते. बघायचं कबूल केलंय. पण दर वेळी वाटतं, वात सारून झाली की ही मान वर करील. तेव्हा मी कुठं बघू, अक्का, तेवढं तू सांग.

महिन्याला कबरीवर जातेस तेव्हा एक वेणी माझ्या नावानं ठेव. मोहनभाऊजींना, लताला आठवण सांग. माझं जसं आहे तसं तुझ्यापाशी पोचत राहू दे.

तुझी धाकटी,
वसुधा